जांभळा डोंगर
(हेब्बाळ, बंगळूरू येथे झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



चित्रकलेच्या तासाला आपण सर्वांनी एकच शिस्त अंगी बाणवली. आकाश निळे, पान हिरवे, डोंगर तपकिरी, आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य. ती शिस्त वाईट नव्हती. हाताला वळण तिनेच लावले. परंतु आज आपले मूल जांभळा डोंगर रंगवून आणते, तेव्हा आपण ‘असा डोंगर कुठे असतो?’ असे विचारून मोकळे होतो. या प्रश्नाविषयीच मला थोडे बोलावयाचे आहे. कारण असे डोंगर याच शहरात, कुमारकृपा मार्गावरील चित्रकला परिषदेत भिंतीवर टांगलेले आहेत.

तेथे निकोलस रोरिक आणि त्यांचे पुत्र स्वेतोस्लाव यांच्या चित्रांचा संग्रह आहे. स्वेतोस्लाव यांच्या पत्नी देविकाराणी, म्हणजे मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या त्याच देविकाराणी. हे दांपत्य कनकपुरा रस्त्यावरील तातगुणीच्या मळ्यात अनेक वर्षे राहिले. परंतु आज माझा विषय पिता निकोलस हा आहे. रशियात 1874 साली जन्मलेला हा चित्रकार 1923 च्या अखेरीस भारतात आला आणि 1947 साली कुलू खोऱ्यातील नग्गर येथे निवर्तला. प्रतीकवादाच्या संस्कारात तो घडला होता. 1886 साली कवी जाँ मोरेआस यांनी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात ज्या प्रतीकवादाचा जाहीरनामा मांडला, त्याचे चित्रकलेतील म्हणणे थोडक्यात असे: वस्तू डोळ्यांना कशी दिसते यापेक्षा ती मनात काय जागे करते, ते रंगवावे.

हे साधते कसे? रोरिक यांचे 1924 चे ‘जगन्माता’ हे चित्र पाहावे. ते न्यूयॉर्कमध्ये आहे, पण त्याच्या प्रतिकृती सहज पाहावयास मिळतात. निळ्या-जांभळ्या रात्रीत एक स्त्री बसलेली आहे. भोवती तेजाचे मोठे वलय, वर तारे, खाली नदी आणि नदीत मासे. तिच्या डोळ्यांवर अवगुंठन ओढलेले आहे. मला हा या चित्राचा गाभा वाटतो. राजा रविवर्म्यांची दमयंती हंसाकडे पाहते, तेव्हा तिची उत्कंठा नजरेतून आणि मानेच्या कलण्यातून कळते. येथे डोळेच झाकलेले; म्हणून भाव चेहऱ्यावर शोधण्याची वाटच बंद होते. मग तो कुठे जातो? तो रंगात जातो. निळा गडद होत जांभळ्यात उतरतो, आणि आपल्या मनाला शांतता व किंचित भय एकदमच जाणवते. तो आकारातही जातो: खाली रुंद, वर निमुळती होत जाणारी ती आकृती डोंगरासारखी अढळ वाटते. तिच्या दोन्ही बाजूंच्या मानवाकृती इतक्या लहान आहेत, की आपले लहानपण कोणी न सांगताच उमगते.

रोरिक कधी कधी फारच गंभीर होतात, हेही सांगावयास हवे. मला स्वतःला आपले प्रभाकर बरवे अधिक जवळचे वाटतात. अलिबागजवळच्या नागावात 1936 साली जन्मलेल्या या चित्रकाराला देवता किंवा हिमशिखरे लागली नाहीत. पान, घड्याळ, शिंपला अशा घरगुती वस्तू मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, आणि त्या अंतरातूनच एकाकीपण जाणवावे, अशी त्यांची रीत. आपली घडण कशी होते याचे चिंतन त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी पुस्तकात केले आहे. ज्यांना चित्रांचे भय वाटते, त्यांनी प्रारंभ तेथून करावा.

आणि पालकहो, सह्याद्रीच्या दूरच्या रांगा संध्याकाळी खरोखरच जांभळ्या दिसतात. तपकिरी रंग त्यांना आपण वर्गात बसून दिलेला आहे.