बालकांचा उन्हाळा

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात एडवण येथे केलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. आम्ही कोणी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा देऊन प्राथमिक शिक्षकाच्या पेशात शिरलो आणि खडूफळ्याच्या सहवासात उमेद घालवून निवृत्त झालो, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा बोलण्यात काही उणे आढळल्यास आपण उदार मनाने क्षमा करावी.

आपल्या संमेलनांतून उच्च शिक्षण, शिष्यवृत्त्या, नोकरी-व्यवसाय, विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर नेहमीच विचार होतो, व तो व्हावयासच हवा. परंतु तीन ते आठ वर्षांच्या बालकाविषयी आपण क्वचितच बोलतो. ते बोलके असले तरी मताचा अधिकारी नसते, त्यामुळे त्याची बाजू सभेत मांडली जात नाही. आज ती मांडण्याचे आम्ही योजिले आहे. मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असतात. त्या सहा आठवड्यांत आपल्या घरी आपल्या बालकाने काय करावे, हा आमचा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. तथापि घरोघरची स्थिती पाहावी. पूर्वी आपल्या वाड्यांत आजा, आजी, काका, आत्या, चुलत-मावस भावंडे असा गोतावळा असे, आणि मुलांचा उन्हाळा त्यात आपोआप पार पडत असे. आज पहाटे सफाळे किंवा केळवे रोड स्थानक गाठून मुंबईकडे नोकरीस जाणारी आईबापे घरोघर आहेत. डहाणूपर्यंत लोकल गाड्या २०१३ साली सुरू झाल्या आणि जाणेयेणे सुलभ झाले, ही सोयच झाली. परंतु दिवसाचे बारा-चौदा तास घर रिकामे राहू लागले. घरी उरतात वृद्ध आजी-आजोबा आणि एखाददुसरे मूल. मूल रडू लागले की त्याच्या हाती मोबाइल द्यावा, म्हणजे ते गप्प बसते. या गप्प बसण्याला आपण शहाणपण म्हणू लागलो आहोत.

येथे आमची स्वतःची एक चूक कबूल करणे आम्हांस अवश्य वाटते, कारण दुसऱ्यास उपदेश करणाराने आधी आपले माप पदरात घ्यावे. शिक्षक असल्याचा आम्हांस मोठा अभिमान. आमची कन्या सहा वर्षांची असल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात आम्ही तिला रोज दोन पाने शुद्धलेखन आणि पाढे असा नेम घालून दिला होता. अंगणात इतर मुले लगोरी खेळत आणि ती खिडकीशी वही घेऊन बसे. ती परीक्षेत पहिली येई, म्हणून आम्ही धन्यता मानीत असू. पुढे तिचे लग्न झाले, मूल झाले. दोन वर्षांपूर्वी तिचा पाच वर्षांचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे आला. आम्ही सवयीने त्याच्यासाठी दुरेघी वही आणून ठेवली. ती वही पाहून कन्या सहजच म्हणाली, “बाबा, मला एडवणचा उन्हाळा आठवतच नाही. तुमची ती वही तेवढी आठवते.”

तिच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य आमच्या मनास अधिक लागले. शेकडो परक्या मुलांना आम्ही शिकविले आणि घरच्या मुलीचे बालपण वहीत बांधून ठेविले. ते परत देणे आता आमच्या हाती नाही. नातवाची वही मात्र आम्ही त्याच दिवशी कपाटात ठेवून दिली आणि त्याला घेऊन वाडीत गेलो. त्या उन्हाळ्यात आम्ही जे शिकलो, तेच आज येथे सांगावयाचे आहे.

बंधुभगिनींनो, बालकास कसे शिकवावे हे पाहण्यास आपल्याला दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे, १९४५ साली कै. ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि कै. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या समवेत काम केले होते आणि मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीचा अभ्यास केला होता. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, त्या पद्धतीची साधने मात्र खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी विकतची साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, माती, काड्या यांनाच साधने केले. मूल शाळेत येत नाही असे दिसताच त्या मुलाच्या अंगणात गेल्या, आणि त्यातून अंगणवाडी जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तीत अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ज्या कल्पनेचा जन्म आपल्या शेजारी झाला, ती आपल्याच अंगणात नसावी, हे आपणांस शोभत नाही.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. योजना म्हणताच घड्याळ लावून वेळापत्रक करू नये. तसे केल्यास ती पुन्हा शाळाच होईल. दिवसाचे तीन भाग तेवढे लक्षात ठेवावे : सकाळ वाडीची, दुपार ओटीची, संध्याकाळ अंगणाची आणि समुद्राची.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी मुलास वाडीत न्यावे. लहान तांब्याने चार झाडांना पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे, आणि ती झाडे त्याची म्हणावीत. आमच्या नातवाने पहिल्या दिवशी पाणी झाडास कमी व स्वतःच्या पायांस अधिक घातले. आठव्या दिवशी तो आम्हांस उठवू लागला. माडाची खाली पडलेली झावळी हाती घ्यावी. तिच्या पात्यांपासून पिपाणी, भिंगरी, घड्याळ, चष्मा, साप अशा कितीतरी वस्तू होतात, आणि त्या करण्याची कला आपल्या पिढीच्या बोटांत अद्याप आहे. ती आपल्याबरोबर सरणावर जाऊ नये. चिंचोके, करंजाच्या व उंडीच्या बिया, ताडगोळ्यांच्या रिकाम्या कवट्या गोळा कराव्यात. त्यांची रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे रास लावणे म्हणजेच गणिताचा आरंभ होय. जांभूळ खाऊन झाल्यावर तिची बी करवंटीत रुजत घालावी; मृगाचा पाऊस पडेतो मुलास रोज पाहावयास काहीतरी मिळते.

दुपारी अकरा ते चारपर्यंत मूल सावलीत असावे. हा काळ कठीण म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. उन्हाळ्यात आपल्या घरी पापड, कुरडया, सांडगे होतात. पिठाच्या लाट्या करणे हे लहान बोटांना किती आवडते, हे आईने एकदा करू देऊन पाहावे. थोड्या लाट्या पोटात जातील, त्याचा हिशेब ठेवू नये. वाळवण राखण्यासाठी ओटीच्या सावलीत काठी घेऊन बसणे, कावळे किती आले ते मोजणे, त्याच कावळ्यांसाठी दुसरीकडे मातीच्या परळात पाणी ठेवणे, यात मुलाची दुपार केव्हा सरते ते कळत नाही. मुलाकडे खोटे काम देऊ नये. खरे काम द्यावे. आपल्या राखणीतले पापड रात्री पानात आले, की ते मूल ताठ बसून जेवते.

मागल्या पडवीच्या भिंतीचा एक तुकडा गेरूने सारवून त्याला द्यावा आणि तांदळाच्या पिठाचे पाणी व एक बारीक काडी द्यावी. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या परिसरातले वारली चित्रकार कै. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रकला अशाच भिंतीवरून जगभर गेली. आपल्या शेजारी राहणाऱ्या वारली बांधवांकडे आपण कामाला माणूस मागावयास गेलो. शिकावयास फारसे गेलो नाही. मुलांनी तरी तेथे शिष्य म्हणून पाहावे.

मे महिन्याच्या मध्यानंतर दोन-तीन दिवसांत आपल्या गावी एक नवल घडते. सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ रोवावी. दहा मेपासून रोज त्या वेळी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सावली आखूड होत होत एके दिवशी काठीच्या पायाशी लपते, आणि पुढे काही दिवसांनी विरुद्ध बाजूस पुन्हा दिसू लागते. आम्ही इतकी वर्षे भूगोल शिकविला, परंतु हे नवल नातवाबरोबर प्रथमच डोळ्यांनी पाहिले. तो ओरडला, “आजोबा, काठीने सावली गिळली!” आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतके चांगले वाक्य आम्हांस आढळलेले नाही.

संध्याकाळी अंगणात लगोरी, आंधळी कोशिंबीर, सागरगोटे, भातुकली हे खेळ आहेतच. ते आपणांस सांगावयास नकोत. समुद्राविषयी मात्र थोडे सविस्तर सांगतो. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर बारीक खेकडे वाळूच्या असंख्य गोळ्या मांडून ठेवतात. त्या रांगोळीपुढे मूल तासभर बसून राहते. शिंपले, खुबे वेचावेत, घरी आणून धुवावेत, जोड्या लावाव्यात. जिवंत प्राणी असलेला शंख मात्र परत पाण्यात सोडावा, हा धर्म त्याच वेळी शिकवावा. थोड्या मोठ्या मुलास आपल्या वाडवडिलांची पाऊणकी सांगावी. तिथीचा अंक पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, अष्टमीस सहाच्या सुमारास; अमावास्या-पौर्णिमेस दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाण. भरती रोज पाऊण तासाहून किंचित अधिक उशिरा येते, हे मुलाने वाळूत काठी रोवून स्वतः ताडून पाहावे. शाळेतून गेलेली पाऊणकी अशा रीतीने घरी परत येईल.

परंतु समुद्र हा आपला शेजारी असला तरी सोयरा नव्हे. मुलास किनाऱ्यावर ओहोटीच्याच वेळी न्यावे, बरोबर जाणता माणूस असावा, आणि पाणी फिरले की परतावे. खाडीच्या मुखाशी व खडकांत लहान मुलांस मुळीच सोडू नये. विहिरीस जाळी असावी. पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने पाचोळा हलवावा. पाण्याची बाटली, टोपी आणि चपला विसरू नयेत.

मोबाइलविषयी दोन शब्द. त्यास शिव्या देऊन काही साधणार नाही; आपण सारेच तो बाळगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सांगितले आहे की, एक वर्ष वयापर्यंतच्या बालकास पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या बालकास दिवसाकाठी एक तासाहून अधिक बसवू नये. त्याहून कमी असेल तर उत्तम. याच वयाच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल करावी, असेही तिने म्हटले आहे. आमचा अनुभव असा की, मोबाइल काढून घेतला तर मूल रडते. परंतु त्याच्या हाती खरे काम दिले तर ते मोबाइल स्वतःच विसरते. अर्थात त्यासाठी मोठ्या माणसाने स्वतःचा मोबाइलही खाली ठेवला पाहिजे. अवघड आहे ते हेच.

कोणी म्हणेल, आम्हांस वेळ कोठे आहे? रास्त आहे. म्हणून संघापुढे आमची एक विनंती आहे. प्रत्येक आळीत चार-पाच घरांनी मिळून एक अंगण ठरवावे. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरच्या आजी-आजोबांनी मुलांकडे लक्ष द्यावे. एकीने गोष्टी सांगाव्यात, दुसऱ्याने पिपाण्या कराव्यात, तिसरीने लाट्या करू द्याव्यात. यास निधी लागत नाही, इमारत लागत नाही. त्या अंगणात केवळ आपल्या ज्ञातीचीच मुले असावीत, असेही आम्हांस वाटत नाही. मांगेल्यांचे पोर ओहोटीचे चार गुज आपल्या मुलास अधिक सांगेल, वारल्यांचे पोर रानातली. लगोरी कोणाची जात विचारीत नाही.

आणि ज्या घरी आज एकटे वृद्ध दांपत्य दिवसभर दाराकडे पाहत बसलेले असते, त्या घरासही या योजनेतून काही मिळेल. आम्हांस ते मिळाले आहे. गेल्या वर्षी नातू शाळा सुरू होण्यापूर्वी मुंबईस परत निघाला, तेव्हा त्याने आपल्या चार झाडांना पाणी घालण्याचे काम आम्हांस बजावून सांगितले. दर रविवारी दूरध्वनीवर तो त्याचा जाब घेतो. आम्ही आयुष्यभर मुलांकडून गृहपाठ घेतला. या वयात आम्हांसच गृहपाठ मिळाला आहे, आणि तो चुकविण्याची आमची इच्छा नाही.

ती दुरेघी वही अद्याप कपाटात कोरीच आहे. तशीच ती कोरी राहो, आणि आपल्या प्रत्येक घरच्या बालकास आपल्या गावचा उन्हाळा आठवो, एवढी प्रार्थना ग्रामदेवता आशापुरी मातेच्या चरणी करून आमचे भाषण संपवितो.