गोठ्यात ट्रॅक्टर ठेवताना

मंडळी, खरड छाटणी उरकून आज तुम्ही इथं आला आहात. मे महिन्याचा पहिला आठवडा आहे, पावसाला अजून अवकाश आहे. म्हणून मुद्दाम कामाचा विषय घेतला. दिंडोरी-निफाडच्या आपल्या पट्ट्यात बैल कमी झाले आणि द्राक्षाच्या 9 फुटी ओळींतून फिरणारे 18-20 हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर आले. गोठे रिकामे पडले आणि कर्ज काढून घेतलेलं यंत्र ताडपत्री पांघरून अंगणात भिजतंय. मला ते बघवत नाही.

पहिलं काम मापाचं. टेप नुसत्या ट्रॅक्टरला लावू नका, मागं रोटाव्हेटर जोडा आणि मग लावा. माझा ट्रॅक्टर साडेतीन फूट रुंद, रोटाव्हेटर त्याहून रुंद, आणि दोन्हींची मिळून लांबी 11 फुटांवर गेली. गोठ्याचं दार होतं 4 फुटांचं. ते साडेसहा फुटांचं करायचं ठरवलं.

आता भिंत. इथं घाई करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. दार वाढवण्याआधी आत उभं राहून वर बघा आणि तुळईचं टोक कशावर टेकलंय ते शोधा. माळवदी गोठ्यात बहुधा लाकडी खांब भार घेतात, भिंत नुसता आडोसा असते. पण काही ठिकाणी तुळई थेट भिंतीत घुसवलेली असते. पत्र्याच्या गोठ्यात तर पाइप विटांवरच बसवलेले असतात. माझा गोठा तसाच होता. टेकू न लावता आम्ही भिंत फोडायला घेतली आणि दाराच्या वरचे विटांचे तीन थर एकदम खाली आले. गवंडी नुकताच पाणी प्यायला बाहेर गेला होता, म्हणून वाचला. ती दुपार मी विसरलेलो नाही. मग आधी छताला लोखंडी टेकू दिले, नव्या लिंटेलची टोकं दोन्ही बाजूंना 9-9 इंच भिंतीत बसवली आणि 14 दिवस टेकूंना हात लावला नाही.

जमिनीचं दुखणं वेगळं. शहाबादी फरशी बैलांना चालते, पण जिथं ती खालून पोकळ असते तिथं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली फुटते. वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर असतो, आणि उचललेला रोटाव्हेटर त्यात भर घालतो. फरशी काढलीच आहे तर गोमूत्र मुरलेली मातीही फूटभर उपसून टाका. तिच्यातून सुटणारा अमोनिया तांबं-पितळ खातो, म्हणजे वायरिंगची टोकं हिरवी पडायला लागतात. मुरूम भरून, धुमस करून वर 5 इंच काँक्रीट घाला. जोतं 6 इंच असेल तर बाहेर निदान 4 फूट लांबीचा उतार द्या.

आत काय ठेवायचं नाही तेही ऐका. बोर्डोसाठी आणलेलं मोरचूद तिथं नको, ओल लागली की ते लोखंड कुरतडतं. माळ्यावरचा कडबा हलवा. खाली तापलेला सायलेन्सर असतो, आणि कडब्यात उंदीर येतात ते आधी वायर तोडतात. दार लावून इंजिन कधीही सुरू ठेवू नका, थंडीत तर नाहीच. बैलांच्या तोंडासमोर असलेली खिडकी मी बुजवली नाही, तिला जाळी लावली. गव्हाण अर्धी तोडली. उरलेल्या अर्ध्या भागात पाने, ग्रीसगन आणि पिना ठेवतो.

मृग 7 जूनच्या आसपास लागतो. भिंतीला चार दिवस, लिंटेलला 14. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारायचं आणि पुढचा आठवडाही ट्रॅक्टर बाहेरच ठेवायचा. दार आधी, जमीन नंतर, नाहीतर विटांचा राडा नव्या काँक्रीटवर पडतो. टेकू उद्याच आणायला लागतील.