अल्प खर्चांत त्रिनिदाद

कॅरिबियन समुद्रांतील बेटांचा प्रवास म्हणजे श्रीमंतांचा विलास, असा सर्वसाधारण समज आहे. त्रिनिदादपुरता तरी तो खरा नाहीं. विमानाचें भाडें सोडून देऊं. तें कोणालाच चुकत नाहीं. पण एकदां उतरल्यावर, स्वतंत्र मोटारीचा मोह आवरला आणि कार्निव्हलचे महागडे दिवस टाळले, तर बेताच्या मिळकतीचा मनुष्यहि हें बेट पाहूं शकतो.

पोर्ट ऑफ स्पेन या राजधानींत जुन्या रेल्वे स्टेशनावर आतां मोटारींचा तळ आहे. आगगाडी १९६८ सालीं बंद पडली. येथून 'मॅक्सी' नांवाच्या लहान बसगाड्या सुटतात. गाडीवरील रंगीत पट्टा ही मार्गाची खूण: पूर्वेकडे तांबडा, दक्षिणेकडे हिरवा. वेळापत्रकाची अपेक्षा करूं नये. गाडी भरली कीं निघते. आंत शिरतांना मात्र सर्वांना 'गुड मॉर्निंग' म्हणावें, नाहींतर नवखा उतारू उद्धट ठरतो. दक्षिणेस सान फर्नांडोला उतरून, तपकिरी पट्ट्याच्या गाडीनें ला ब्रेआ येथील डांबराचें तळें पाहतां येतें. तें सुमारें शंभर एकरांचें आहे. सर वॉल्टर रॅले यानें १५९५ सालीं आपल्या जहाजांच्या फटी याच डांबरानें बुजविल्या.

न्याहारीस रस्त्यावरचे 'डबल्स' पुरेत. दोन मऊ तळलेले 'बारा' आणि मध्यें रसदार चणे. तिखट बेतानें मागावें. हे शब्द ओळखीचे वाटतात, याचें कारण ३० मे १८४५ रोजीं 'फातेल रझाक' जहाजांतून आलेले हिंदी मजूर. १९१७ पर्यंत असे १,४०,००० हून अधिक लोक उसाच्या मळ्यांवर आणले गेले. करार संपेपर्यंत चिठ्ठीवांचून मळ्याबाहेर पाऊल टाकणें हा त्यांना गुन्हा होता. त्याच मुलुखांतून आज त्यांचे पणतू थोडक्या डॉलरांत हवें तेथें जातात.

हिरव्या पट्ट्याच्या गाडीनें चागुआनासला उतरून, पुढें भागीदारीच्या मोटारींनीं वॉटरलूच्या किनाऱ्यास जावें. लहानपणीं हिंदुस्थानांतून आलेले सिवदास साधु हे येथील मळ्यावरचे मजूर. त्यांनीं किनाऱ्यावर देऊळ बांधलें. पण जमीन साखर कंपनीची होती. देऊळ पाडण्यांत आलें, साधूंना दंड झाला आणि चौदा दिवस तुरुंगवासहि घडला. सुटल्यावर त्यांनीं ठरविलें कीं समुद्र कांहीं कंपनीचा नव्हे. सायकलीच्या दांडीला बादल्या अडकवून, दगड व सिमेंट वाहून, ओहोटीच्या वेळीं ते पाण्यांत भर घालूं लागले. लोक हंसले. लाटा केलेलें काम नेत; ते पुन्हां भरीत. असें कित्येक वर्षें चाललें. आजचें अष्टकोनी मंदिर, हिंदी मजुरांच्या आगमनास दीडशें वर्षें झालीं तेव्हां, १९९५ सालीं नव्यानें उभें राहिलें.

देवळापर्यंत चालत जाण्यास बांध आहे. ओहोटीस सभोंवार चिखल आणि बगळे दिसतात. भरतीस देऊळ पाण्यांत उभें असतें. जवळच दहनभूमि आहे, म्हणून आवाज बेतानें करावा. परतीच्या मोटारी अंधार पडल्यावर विरळ होतात. उन्हें कलतांच रस्त्यावर येऊन उभें राहावें.