पत्राची वाट कोण ठरवतं?

वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या, कार्यालयांचे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

ईमेल, सामायिक कॅलेंडर, फाइलींची देवाणघेवाण यांवर आज प्रत्येक कार्यालय चालतं, आणि हे सगळं कसं चालावं हे सर्व्हरवरच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला आपण कॉन्फिग फाइल म्हणतो. ती उघडणारा माणूस बहुतेक कार्यालयांत एकच असतो, आणि तिच्यात काय लिहिलंय हे त्याच्याशिवाय कुणी विचारत नाही. आज ते विचारायला हवं, असं मला वाटतं.

पत्र चुकलं की काय होतं, हे वर्धा जिल्ह्याला सांगायला नको. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथल्या सेगावात आले आणि त्यांच्यामागे देशभराचं टपाल येऊ लागलं. त्यातलं बरंच बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊन पडे. नावं जवळजवळ सारखी, आणि शेगाव मोठ्या रेल्वेमार्गावरचं. अखेर १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्या नावात सेवेचा भाव आहेच, पण निमित्त टपालाचं होतं. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, बदल का केला हे आठ दशकांनंतरही आपल्याला सांगता येतं. तुमच्या सर्व्हरवरच्या किती सेटिंग्जबद्दल असं सांगता येईल? पाच वर्षांपूर्वी केलेल्या बदलाचं कारण तरी सापडेल का?

आता एका सेटिंगकडे जरा थांबून पाहू. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर विएत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिला, तो १९९८ मध्ये लोकांसमोर आला, आणि आज आपल्यापैकी अनेकांच्या यंत्रांवर तोच आहे. झिंब्रा ही ईमेल आणि कॅलेंडरची प्रणाली वापरणाऱ्यांकडेही आतून पत्रं पोचवणारा पोस्टफिक्सच असतो. समोरचा सर्व्हर बंद असेल, तर तो पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किती दिवस? मुळातली मुदत पाच दिवसांची. मग ते 'पोचलं नाही' म्हणून परत येतं. या पाच दिवसांत पाठवणाऱ्याला काही कळतं का? त्यासाठी 'डिले वॉर्निंग टाइम' नावाची वेगळी सेटिंग आहे आणि तिची मुळातली किंमत शून्य आहे. शून्याचा अर्थ, उशीर होतोय हे कळवायचंच नाही.

पावसाळ्यात आष्टी किंवा समुद्रपूरच्या एखाद्या कार्यालयाची वीज जाते, लाइन तुटते, सर्व्हर आठवडाभर बंद राहतो. वर्ध्याहून कुणी सोमवारी त्यांना पत्र पाठवलं, शुक्रवारपर्यंत उत्तर हवं आहे. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर ते पत्र 'पाठवलेले' या कप्प्यात व्यवस्थित दिसतं, म्हणून तो निश्चिंत असतो. शनिवारी पत्र परत येतं तेव्हा मुदत गेलेली असते. एखाद्या निविदेची, एखाद्या विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीची, एखाद्या रुग्णाच्या मदतनिधीची. ती शून्याची किंमत ज्यांनी ठरवली त्यांच्यापुढे आष्टी नव्हतं, आणि त्यांना दोष देण्याचं कारणही नाही. आष्टी आपल्यापुढे आहे. त्या शून्याच्या जागी चार तास असं लिहिलं, तर चार तासांनी पाठवणाऱ्याला सूचना जाते आणि तो फोन उचलून निरोप देऊ शकतो. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ लिहायला कार्यालयात कुणीतरी ठरवावं लागतं की उशीर झाला तर माणसाला सांगायचं.

जोडपत्राच्या आकाराचंही असंच. पोस्टफिक्समध्ये एका पत्राची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे साधारण दहा एमबी. मेलमधून जाताना फाइलचं रूपांतर होऊन ती सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आसपासच फाइल जाते. ग्रामपंचायतीत स्कॅन केलेला रंगीत प्रस्ताव याच्या पुढे सहज जातो. 'दहा एमबी चालतं' असा फलक लावण्याआधी हे गणित करून पाहावं.

कॉन्फिग फाइल आणि तिला वाचणारा प्रोग्राम यांचं नातं बिघडलं तर काय होतं, याची एक हकीकत आपल्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या ट्रे हॅरिस यांनी ती सांगितली. त्यांच्या विद्यापीठातल्या एका विभागाची तक्रार होती की, ईमेल पाचशे मैलांपलीकडे जातच नाही. तपासलं तर ते खरं निघालं. कुणीतरी यंत्र अद्ययावत करताना सेंडमेल या मेल सर्व्हरची जुनी आवृत्ती बसली होती, कॉन्फिग फाइल मात्र नव्या आवृत्तीची राहिली. जुन्या प्रोग्रामला नव्या फाइलमधल्या लांब नावांच्या सेटिंग्ज ओळखता आल्या नाहीत, आणि जोडणीसाठी थांबण्याची वेळ शून्यावर गेली. प्रत्यक्षात यंत्र तीन मिलिसेकंदांच्या आसपास थांबे, आणि तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे पाचशे मैल जातो. हाच प्रकार वर्ध्यात झाला असता तर? सरळ रेषेत मुंबई आपल्यापासून सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, दिल्ली आठशे ऐंशीच्या. मंत्रालयाला पत्रं जात राहिली असती, दिल्लीला एकही गेलं नसतं, आणि आपण दिल्लीच्या माणसांना बोल लावत बसलो असतो.

म्हणून एका आवृत्तीची फाइल दुसऱ्या आवृत्तीच्या सर्व्हरवर डोळे मिटून नकलू नका. उलटा प्रकारही घडतो. झिंब्रामध्ये पोस्टफिक्सची मुख्य फाइल हाताने बदलली तर तो बदल टिकत नाही. झिंब्रा आपल्या नोंदींवरून ती फाइल पुन्हा लिहून काढतो, त्यामुळे बदल त्याच्या स्वतःच्या आज्ञांनीच करावा लागतो. १९८९ पासून चालत आलेल्या लोटस नोट्स या ईमेल प्रणालीच्या, म्हणजे २०१९ पासून एचसीएल कंपनीकडे असलेल्या डॉमिनोच्या, 'नोट्स डॉट आयएनआय' फाइलमध्येही सर्व्हर स्वतः लिहीत असतो. तिथे कॉन्फिगरेशनच्या दस्तऐवजात सेटिंग भरणं शहाणपणाचं, कारण मग ती कुठून आली हे पुढच्या माणसाला दिसतं.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटणाऱ्या सेटिंगकडे येतो. झिंब्रामध्ये कचऱ्याच्या कप्प्यातली पत्रं तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात. ही मूळ किंमत आहे, कुठल्याही कार्यालयाने घेतलेला निर्णय नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येत ईमेलचा उल्लेख आहे आणि 'अभिलेखा'त संगणकाने निर्माण केलेलं साहित्य येतं. आर्वीच्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या प्रकरणातला पत्रव्यवहार मागितला आणि तो तिसाव्या दिवशी पुसला गेलेला असला, तर ते कुणी पुसलं? कारकुनाने फक्त कप्पा बदलला, बाकी काम सेटिंगने केलं. कागदाची फाइल नष्ट करायची तर तिचा वर्ग, मुदत, सही, सगळं पाहिलं जातं. इथे एक आकडा ते सगळं परस्पर करून टाकतो. हा आकडा किती असावा हे ॲडमिनने एकट्याने ठरवू नये. कार्यालयप्रमुखाची आणि अभिलेख सांभाळणाऱ्याची त्यावर सही हवी. तुम्ही जाऊन विचारलं नाही, तर ती सही कुणी आपण होऊन देणार नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर स्वतंत्र सत्र आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्म या यंत्रायंत्रांत आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने जे मार्ग वापरले, त्यांत एक होता सेंडमेलची चालू राहिलेली डीबग, म्हणजे दोष शोधण्याची, सोय. सुमारे सहा हजार यंत्रं बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा केला गेला. तपासणीसाठी उघडलेलं दार तपासणी संपली की बंद करायचं, हे तेव्हाही माहीत होतंच. ते दार कुणी, कधी आणि कशासाठी उघडलं याची नोंद नसली, की कुणी बंद करत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: प्रत्येक बदललेल्या सेटिंगच्या वर एक टीप लिहा. कधी बदलली, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तक्रारीमुळे, आणि केव्हा पुन्हा पाहायची. ती मराठीत लिहा. पोस्टफिक्स टिपेची ओळ वाचतच नाही, त्यामुळे देवनागरीने काही अडत नाही. एक खबरदारी मात्र घ्या. टीप स्वतंत्र ओळीवर, हॅशच्या खुणेने सुरू झालेली हवी. सेटिंगच्याच ओळीच्या शेवटी लिहिली, तर तो मजकूर किमतीचा भाग होतो आणि सेटिंग बिघडते. सेटिंगच्या ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सुटली, तर ती ओळ आधीच्या ओळीची पुढची बाजू मानली जाते. 'पोस्टकॉन्फ' ही आज्ञा 'एन' पर्यायासह चालवली, की तुमच्या फाइलमध्ये लिहिलेल्या तेवढ्याच सेटिंग्ज दिसतात. तो कागद छापून प्रमुखांच्या टेबलावर ठेवा. कंत्राट संपून तुमच्यातलं कुणी गेलं, तर मागे येणाऱ्याला निदान ते पान मिळेल.

शेवटी एक काम हाती घ्यावं असं सुचवतो. देवनागरीतला ईमेल पत्ता आता शक्य आहे. त्याचं मानक २०१२ मध्ये आलं, देवनागरीतलं 'भारत' हे डोमेन २०१४ मध्ये, आणि पोस्टफिक्सने २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला आधार दिला. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून ज्या गावात आहे आणि हिंदी विश्वविद्यालयही जिथे आहे, तिथल्या सर्व्हरांवर असा पत्ता चालतो की नाही हे आपण तपासलेलं असायला हवं. एकट्याने सेटिंग चालू करून भागत नाही. समोरच्या सर्व्हरने आधार आहे असं सांगितलं नाही, तर पत्र परत येतं. शिवाय आपल्या लिपीच्या काही अडचणी खास आपल्याच आहेत. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलं जातं, 'गोऱ्हे' या आडनावातला 'ऱ्ह'सुद्धा. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन पत्ते यंत्राला वेगळे असू शकतात. आडनाव बरोबर लिहूनही पत्र पोचत नाही, हे आर्वीच्या माणसाला कसं समजावणार? त्यामुळे खाती उघडण्याआधी कोणतं रूप धरायचं हे ठरवावं लागेल, आणि ते जिल्ह्यात एकच असावं. हिंगणघाट आणि देवळीच्या मित्रांनी आपापले चाचणी-सर्व्हर द्यायची तयारी दाखवली आहे. दोन्हींमध्ये देवनागरी पत्त्यांवरून पत्रं पाठवून पाहू, जी परत येतील त्यांचे लॉग एकत्र ठेवू. यासाठी वरिष्ठांची परवानगी लागेल. अर्जाचा मसुदा मी आणला आहे, तो दुपारच्या सत्रात आपल्यापुढे ठेवतो.