शिट्टीनंतरची दाद

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नाट्यसंगीत, संतवाङ्मय, दिल्लीतील मराठी माणसाचे कर्तृत्व असे भारदस्त विषय या व्यासपीठावरून होऊन गेल्यावर फुटबॉलच्या पंचांविषयी बोलण्यास आम्ही उभे राहिलो आहोत, याचे काहींना नवल वाटले आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु या सभागृहातील चहा ज्या एका प्रश्नापायी वारंवार थंड झाला, तो प्रश्न हाच आहे. पंचाची चूक साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत घडली, तर तिची दाद कोणी, कोणापुढे आणि केव्हा मागावयाची? 'आम्ही' म्हणजे या मंडळात सामने पाहावयास जमणारी दहा-पंधरा माणसे. त्यांच्यात एकमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ज्या सामन्यापासून हा वाद पेटला तो 11 जून 2024 रोजी कतारमध्ये, दोहाला लागून असलेल्या अल रय्यान येथे झाला. 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेतील दुसऱ्या फेरीचा तो भारताचा अखेरचा सामना. भारत पुढच्या फेरीत कधीच पोहोचला नव्हता, आणि हा सामना जिंकला असता तर गटात दुसरा येऊन पोहोचला असता. पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात कुवेतशी बरोबरी करून सुनील छेत्री निवृत्त झाला होता, त्यामुळे मनाला एक हुरहूर होतीच. 37 व्या मिनिटाला छांगटेने गोल केला आणि ती हुरहूर आम्ही विसरलो. दिल्लीतील जूनची रात्र, कूलरचे पाणी संपलेले, घड्याळात साडेदहा उलटून गेलेले; तरी कोणी जागचे हलेना.

मग 73 वे मिनिट आले. कतारच्या फ्री किकवर युसुफ आयमेनने डोक्याने चेंडू मारला, गुरप्रीतसिंग संधूने तो अडवला, आणि चेंडू घरंगळत गोलरेषेच्या पलीकडे, खांबाच्या बाहेरच्या अंगाला गेला. गुरप्रीत जमिनीवरच होता. चेंडू बाहेर गेला म्हणजे खेळ थांबला, हे लहान पोरालाही कळते. परंतु हाश्मी हुसेनने रेषेपलीकडून तो पायाने मागे ओढला, आयमेनने जाळ्यात ढकलला, आणि दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल दिला. भारताचे खेळाडू त्यांच्याभोवती गोळा झाले, हातवारे करून सांगू लागले. निर्णय बदलला नाही. 85 व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला. भारत 2-1 असा हरला. तिकडे कुवेतने त्याच रात्री अफगाणिस्तानला 1-0 हरवले आणि आपली जागा घेतली.

पडद्यावर ते दृश्य पुनःपुन्हा दाखवीत होते. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवे गवत स्वच्छ दिसत होते. नियम सांगतो की चेंडू संपूर्णपणे रेषेपलीकडे गेला पाहिजे. येथे तो संपूर्णपणे गेला होता. वादाला जागाच नव्हती. आणि तरीही त्या रात्री आमच्यात वाद झाला, तो मध्यरात्रीनंतर जिन्यातही चालू राहिला.

आमच्यातील एक काका आयुष्यभर सरकारी लेखापरीक्षणात होते. त्यांचे म्हणणे, पंच म्हणजे पंच. त्याचा शब्द अखेरचा मानावयाचा नसेल तर मैदानात उतरूच नये. तीस हजारीत वकिली करणाऱ्या आमच्या स्नेह्यांना हे मुळीच पटेना. 'ज्या निवाड्यावर अपील नाही तो निवाडा नव्हे, लहर आहे,' असे त्यांनी काकांना सुनावले. कॉलेजच्या संघात खेळणारी एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती शेवटी एवढेच म्हणाली, 'काका, पण त्या पंचांना परत पाहायची सोय असती तर त्यांनी स्वतःच बदलला असता ना?' ही सोय त्या फेरीत नव्हती. व्हिडिओ पंच, ज्याला जग व्हीएआर म्हणून ओळखते, तो आशियाई पात्रता स्पर्धेत पुढच्या, तिसऱ्या फेरीपासून होता. भारत त्या दाराशीच अडला.

काकांचे मत जुनाट म्हणून सोडून देण्यासारखे नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद नेताना दोन्ही पक्षांना आधी राजीनामा लिहून द्यावा लागे. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा कागद. त्या काळी 'निवाडा होईल तो मान्य' असे ते संमतिपत्र असे. हरणाराकडून पुढे येजितखत लिहून घेत, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची कबुली. फुटबॉलपटू मैदानात पाऊल टाकतो तेव्हा असाच एक अलिखित राजीनामा देत असतो. गोल झाला की नाही यासकट खेळातील वस्तुस्थितीबद्दल पंचाचा निर्णय अंतिम, असे फुटबॉलच्या पाचव्या नियमातच म्हटले आहे. हे नसते तर कोणताही सामना संपलाच नसता. मात्र वकीलसाहेबांनी यावर बिनतोड प्रश्न टाकला: त्याच काळात एका सभेचा निवाडा न पटल्यास दुसऱ्या स्थळी वाद नेण्याची सोय होती, ती काका का विसरतात? (काकांनी त्यावर तंबाखूची डबी काढली. ती त्यांची नेहमीची हरकत घेण्याची रीत आहे.)

आपण मराठी माणसे मूळची क्रिकेटची, म्हणून हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1992 च्या नोव्हेंबरात डर्बनच्या कसोटीत दूरचित्रवाणीचे चित्र पाहून बाद ठरविला गेलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर होता. जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर तो धावबाद झाला. मैदानावरच्या पंचांनी निर्णय वर सोपविला आणि आतल्या खोलीतून उत्तर आले. त्या दिवशी ते अपमानास्पद वाटणारे कितीतरी लोक होते. पुढे 2008 मध्ये खेळाडूला स्वतः पंचाच्या निर्णयावर दाद मागण्याची पद्धत भारत आणि श्रीलंका यांच्या मालिकेत प्रथम आजमावली गेली, तेव्हा आपल्याच क्रिकेट मंडळाने तिच्यावर अविश्वास धरला आणि तो 2016 पर्यंत सोडला नाही. आज गल्लीतला मुलगाही टेनिसच्या चेंडूने खेळताना दोन्ही हातांनी हवेत 'टी' काढून रिव्ह्यू मागतो.

फुटबॉलला ही बुद्धी फार उशिरा सुचली. 1966 च्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा चेंडू आडव्या खांबाच्या खालच्या बाजूवर आदळून रेषेवर पडला की रेषेआड, याचा वाद अजून मिटलेला नाही. तो गोल आहे असे सांगणाऱ्या लाईन्समनचे, तोफिक बहरामोव्ह यांचे, नाव बाकूच्या स्टेडियमला दिलेले आहे. चूक असो वा बरोबर, पंचाच्या वाट्याला एवढा मान क्वचितच येतो. 1986 मध्ये मॅराडोनाचा हात सर्वांनी पाहिला, पंचांनी तेवढा पाहिला नाही. 2010 मध्ये लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलात चांगला आत पडून बाहेर आला आणि खेळ तसाच पुढे चालला. तेव्हा कोठे जागतिक संघटनेला जाग आली. 2012 मध्ये गोलरेषेवरील यंत्राला मान्यता मिळाली, 2018 मध्ये व्हिडिओ पंच नियमांत आला आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात वापरला गेला.

आता आम्हांस ज्याने खरोखर अस्वस्थ केले ते सांगतो. 1 डिसेंबर 2022 रोजी जपान आणि स्पेन यांचा विश्वचषकातला सामना झाला. जपानच्या मितोमाने गोलरेषेजवळून चेंडू मागे वळविला आणि त्यावर जपानचा दुसरा गोल झाला. मैदानावर आधी चेंडू बाहेर गेल्याचे ठरले होते. साध्या डोळ्यांना आणि बहुतेक छायाचित्रांनाही तो बाहेरच दिसत होता. व्हिडिओ पंचांनी तपासले, वरून पाहता चेंडूच्या गोलाईचा दोन मिलिमीटरांहूनही कमी भाग रेषेवर ठरला, आणि गोल दिला गेला. जपान जिंकला, गटात पहिला आला, जर्मनीला घरी जावे लागले. हा सामना कोठे झाला? त्याच कतारमध्ये, त्याच अल रय्यानमध्ये, दुसऱ्या एका स्टेडियमवर. एका गावात दीड वर्षाच्या अंतराने दोन चेंडू रेषेशी गेले. एकासाठी दोन मिलिमीटर मोजले गेले. दुसऱ्यासाठी वीतभर गवतही कोणास दिसले नाही.

यात कोणाचे कारस्थान होते असे आम्ही म्हणत नाही. व्हिडिओ पंचाला कॅमेरे लागतात, वेगळी खोली लागते, प्रशिक्षित माणसे लागतात, पैसा लागतो. म्हणून ती व्यवस्था वरच्या फेऱ्यांना आधी मिळते आणि खालच्यांना मागाहून. पण ज्याला दाद मागण्याची सर्वांत जास्त गरज असते तोच खालच्या फेरीत असतो. भारतीय महासंघाने नंतर तक्रार केली, चौकशीची मागणी केली. निकाल बदलला नाही. तिसऱ्या फेरीतील संघांना 2027 च्या आशिया चषकात थेट प्रवेश होता. भारताला त्यासाठी वेगळी पात्रता खेळावी लागली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 असे हरल्यावर तेही दार बंद झाले. मडगावच्या पराभवाचे खापर अल रय्यानच्या पंचांवर फोडणे अन्यायाचे होईल. तरी हिशेबात त्या मिनिटाची नोंद करावीच लागते, असे खुद्द लेखापरीक्षक काकांनी मान्य केले.

यंत्र आले म्हणजे दाद लागलीच, असेही नाही. 30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझने केलेला गोल लाईन्समनने ऑफसाइड ठरविला. आत बसलेल्या व्हिडिओ पंचाला चित्र बरोबर दिसले, गोल योग्य असल्याचेही कळले. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशी त्याची समजूत झाली आणि त्याने 'तपासणी पूर्ण' असे कळविले. खेळ सुरू झाला. काही क्षणांत चूक लक्षात आली, मात्र खेळ एकदा पुन्हा सुरू झाल्यावर मागचा निर्णय फिरविता येत नाही. त्या खोलीतील संभाषण पुढे प्रसिद्ध झाले. ते ऐकवत नाही. डोळा चुकला नव्हता. वेळ निघून गेली होती. या शहरात ज्यांनी कधी एखाद्या मंत्रालयात फाइलीच्या मागे खेटे घातले आहेत, त्यांना मुदत टळल्यावर मिळालेल्या 'तुमचे म्हणणे रास्त आहे' या उत्तराची चव निराळी सांगावयास नको.

आपल्या देशातले उदाहरण तर आणखी गुंतागुंतीचे. 3 मार्च 2023 रोजी बंगळूरला इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत सुनील छेत्रीने केरळचा संघ भिंत रचीत असतानाच झटकन फ्री किक मारून गोल केला. केरळचे प्रशिक्षक वुकोमानोविच यांनी आपला संघच मैदानाबाहेर नेला. महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळ ब्लास्टर्सला चार कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली. येथे कॅमेऱ्याने काही उलगडले नसते. काय घडले हे सर्वांना दिसतच होते. भांडण नियमाच्या अर्थाचे होते. या प्रकरणी आमच्यात अभूतपूर्व एकी झाली: गोल पटो वा न पटो, मैदान सोडणे चूक. ज्याने राजीनामा दिला त्याने उठून जावयाचे नसते. पण दाद मागण्याचे एकही दार उघडे नसले की माणूस मग भिंतच पाडू पाहतो, एवढे वकीलसाहेबांनी नोंदवून ठेवले.

म्हणून आम्हांस सर्वांत आशादायक वाटते ती 2024 मध्ये कोलंबियात वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात आजमावलेली साधी पद्धत. तिच्यात वेगळी खोली नाही, आत बसलेले पंच नाहीत. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा फेरतपासणी मागता येते. मागणी खरी ठरली तर ती खर्ची पडत नाही. मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर स्वतः पंचच ते दृश्य पाहतो आणि स्वतःच निर्णय देतो. काकांचा पंच त्यात अखेरचा राहतो, वकीलसाहेबांचे अपील राहते, आणि त्या मुलीचा प्रश्न तर जसाच्या तसा सुटतो. खेळ पुन्हा सुरू होण्याआधी दाद मागावयाची, हे त्यातले मर्म. अल रय्यानला 73 व्या मिनिटाला भारताच्या प्रशिक्षकाने मागणी केली असती, तर पंचांना पडद्यासमोर अर्धे मिनिट पुरले असते.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे कार्यालय आपल्या द्वारकेत आहे. ही साधी पद्धत देशातील धाकट्या आणि मुलामुलींच्या स्पर्धांपर्यंत न्यावी, अशा विनंतीच्या पत्राचा मसुदा आम्ही केला आहे. वकीलसाहेबांनी तो लिहिला, काकांनी त्यातील तीन विशेषणे खोडली. सभागृहाबाहेरच्या टेबलावर तो ठेवला आहे. सही करणाऱ्यांनी नाव सुवाच्य अक्षरात लिहावे. मागच्या वेळी अर्ध्या सह्या कोणाच्या हे चिटणिसांनाच ओळखता आले नव्हते.