खलनायकाचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत खलनायकांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. मालकांना आणि साहेबांना चार शिव्या देण्याची ही नवी युक्ती, असेही कोणाच्या मनात आले असेल. तसा आमचा बेत नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात फार झाले. तिथे राक्षस, चेटकिणी आणि कपटी प्रधान यांच्या गोष्टी आम्ही अधाशासारख्या वाचल्या. पुढे वाटाघाटींना बसू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. समोरचा माणूस स्वतःला कधीच दुष्ट समजत नाही. मग गोष्टीतला दुष्ट तरी स्वतःला काय समजत असेल? आजचा विषय एवढाच.

लहान मुलांच्या गोष्टीतल्या राक्षसाला कारण लागत नाही. त्याला भूक लागते, तो माणसे खातो. मोठ्यांचे एवढ्याने भागत नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक हा विराट राजाचा मेहुणा आणि सेनापती. राज्य उभे त्याच्या बळावर. सैरंध्री ही त्याच्या बहिणीची दासी. आता त्याचा हिशेब पाहा. राज्य माझ्यामुळे टिकले, तेव्हा राज्यात जे आहे ते माझे. दासीला नाही म्हणण्याचा अधिकार आला कुठून? त्याच्या लेखी ही चोरी नव्हती, वसुली होती. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला. सरकारनेही ओळखला आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. रंगमंचावर नुसता बकासुर नाचला असता, तर सरकारने डोळा उघडला नसता. हा हिशेब मात्र ओळखीचा निघाला, म्हणून तो झोंबला, असे आम्हांला वाटते.

१९१९ साली आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला तळीराम अगदी निराळा. त्याला राज्य नको, सत्ता नको. सुधाकर वकिलाची सनद काही काळ रद्द होते, मानी माणूस आतून दुखावतो आणि तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. तळीरामाला हवी असते सोबत. खड्ड्यात आणखी एक जण उतरला की खड्डा तितका खोल वाटत नाही. कामगार वस्तीत ज्यांनी दिवस काढले त्यांना हा गृहस्थ चांगला ठाऊक आहे. तो मनाचा वाईट नसतो. पुष्कळदा अडीनडीला पहिले उसने पैसे तोच देतो. म्हणून तर त्याच्या हातून माणूस सोडवणे सावकाराच्या हातून सोडवण्याहून कठीण जाते.

पण खलनायक कोण, हे ठरवायचे कोणी? महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून हाच प्रश्न केला. पुराणात बळी हा दैत्यांचा राजा आणि त्याला पाताळात घालणारा वामन हा देवाचा अवतार. जोतीरावांनी सांगितले की बळी हा प्रजेला सांभाळणारा राजा आणि वामन हा बाहेरून आलेला आक्रमक. आमच्या खेड्यापाड्यांतल्या आयाबहिणींनी ते पुस्तक पाहिले नव्हते, तरी दिवाळीत ओवाळताना ‘इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे त्या म्हणतच होत्या. तेव्हा दुष्ट म्हणून कोणाकडे बोट दाखवले गेले, की आधी बोट कोणाचे आहे ते पाहावे.

परदेशातही हा विचार झालेला आहे. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या १९५४-५५ सालच्या अद्भुत कादंबरीत सारुमान नावाचा जादूगार आहे. तो शहाण्यांच्या मंडळाचा प्रमुख. शत्रूचा अभ्यास करता करता त्याला वाटू लागते की शत्रूची शक्तीच आपल्या हाती यावी, म्हणजे जगात सुव्यवस्था आणता येईल. वाटेत काही वाईट घडले तर हळहळावे, पण थांबू नये. पुढे १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. आपल्या शहरांतली मुलेही आता तो खेळतात. फासे, कागद आणि तोंडी रचलेली गोष्ट, एवढेच त्याचे भांडवल. एक जण गोष्ट चालवतो आणि सगळे खलनायक त्यालाच वठवावे लागतात. पात्राची नीती सांगण्यासाठी प्रथम तीन खाने होते: नियम, अराजक आणि मधला. पुढे त्यांना चांगल्यावाइटाची जोड मिळून नऊ झाले. त्यांत एक खाना आहे ‘नियमाने चालणारा दुष्ट’. त्या खान्याला आम्ही मनापासून दाद दिली. आमच्या चळवळीच्या वर्षांत बेकायदा अन्याय थोडा पाहिला, सहीशिक्क्याचा फार. कंत्राटी कामगाराची हजेरी कापणारा कलमावर बोट ठेवतो आणि रात्री शांत झोपतो.

या विषयावरचा सर्वांत मोलाचा धडा मात्र आपल्याच गावात दिला गेला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समोरचे श्रोते गँगमन म्हणून राबणारे. वरच्या जागा त्यांना बंद. त्यांचा संताप पेटवणे किती सोपे होते! बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच खुलासा केला की ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता असे आपण म्हणत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी जी वृत्ती ती ब्राह्मणशाही. तिचे जनक ब्राह्मण असले, तरी ती सर्व वर्गांत शिरली आहे. शत्रूला माणसाचे नाव दिले असते, तर तो माणूस गेल्यावर काम संपले असते. वृत्तीचे नाव दिले, म्हणून ती शोधण्याची सुरुवात स्वतःपासून करावी लागते.

कोणी विचारील, खलनायकाचे म्हणणे इतके ऐकायचे, तर त्याला माफही करायचे काय? मुळीच नाही. हिशेब तपासणे म्हणजे हिशेब मान्य करणे नव्हे. कीचकाला हक्क हवा, तळीरामाला सोबत हवी, सारुमानाला सुव्यवस्था हवी. यांतली एकही गोष्ट मुळात वाईट नाही. वाईट हे की तिची किंमत ज्याने मोजायची, त्याला कोणी विचारलेलेच नाही. कीचकाच्या हिशेबात सैरंध्री नाही आणि तळीरामाच्या हिशेबात सिंधू नाही.

ही कसोटी आम्ही प्रथम आमच्याच घराला लावतो. ‘संघटनेच्या भल्यासाठी’ हे शब्द उच्चारून वर्गणीचा जमाखर्च सभेपुढे ठेवायचे टाळता येते, विरोधी मताच्या कामगाराला गप्प बसवता येते, एकाच खुर्चीवर वीस वर्षे बसता येते. शब्द खोटे नसतात, हेतूही पुष्कळदा खरा असतो. म्हणूनच धोका मोठा. आपल्या घरात, संस्थेत, नगरपालिकेत ‘सर्वांच्या भल्यासाठी’ असे कोणी म्हणाले, की शांतपणे विचारा: किंमत कोण देणार आहे, आणि त्याला विचारले आहे काय? हा प्रश्न आम्हांलाही विचारा. तो विचारण्याचा तुमचा हक्क आहे.