थोडंसं राहू दिलं, त्याचं काय झालं?

आज आपण शास्ते या पुस्तकाचा पहिला अध्याय बघणार आहोत. हा अध्याय आपण बहुतेक वेळा वगळतो, कारण त्यात नुसती गावांची नावं आहेत. पण खरी गोष्ट त्या नावांमध्येच दडलीये.

यहोशवा मरण पावलाय. कनान देश इस्राएलाच्या वंशांना वाटून दिलाय. आता प्रत्येक वंशाने आपापल्या वाट्याचं काम पूर्ण करायचंय. देवाची आज्ञा स्पष्ट होती : तिथल्या लोकांशी करार करायचा नाही, त्यांच्या वेद्या पाडून टाकायच्या.

सुरुवात छान होते. यहूदा पुढे जातो, शिमोनाला सोबत घेतो, डोंगराळ भाग जिंकतो. आणि १९व्या वचनात पहिला ‘पण’ येतो. खोऱ्यातल्या लोकांना घालवता आलं नाही, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. गंमत बघा, परमेश्वर यहूदाबरोबर होता, हेही त्याच वचनात लिहिलंय!

मग यादी सुरू होते. बन्यामिनाने यरुशलेमेतल्या यबूसी लोकांना राहू दिलं. मनश्शेने बेथ-शान, तानख, मगिद्दो सोडलं. एफ्राइमाने गेजेर सोडलं.

आता २८वं वचन नीट ऐका. इस्राएल बलवान झाला, तेव्हा त्याने कनानी लोकांना हाकललं का? नाही. त्यांना वेठीला धरलं, फुकटात राबवून घेतलं. म्हणजे आधी कारण होतं, ‘जमत नाही’. ताकद आल्यावर कारण बदललं, ‘फायदा आहे की!’ अर्धवट आज्ञापालन नेहमी दुबळेपणातून येतं असं आपल्याला वाटतं. पण बऱ्याचदा ते हिशोबातून येतं.

आणखी एक गोष्ट. एफ्राइमाच्या वेळी लिहिलंय की कनानी लोक त्यांच्यामध्ये राहिले. आशेराकडे येईपर्यंत वाक्य उलटं होतं : आशेरी लोक कनान्यांमध्ये राहिले. कोण कुणाच्या घरात राहतंय, तेच बदललं! आणि शेवटी दान. अमोऱ्यांनी दानाच्या लोकांना डोंगरात रेटलं, खाली सपाटीवर येऊच दिलं नाही. एकाच अध्यायात हा सगळा उतार आहे.

किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. कनानी राजा याबीन, त्याचा सेनापती सीसरा आणि ९०० लोखंडी रथ. २० वर्षं इस्राएल त्यांच्याखाली भरडला गेला. तेव्हा दबोरा आणि बाराक यांच्यामागे कोण उभं राहिलं? नफताली आणि जबुलून. हेच दोन वंश पहिल्या अध्यायात कनान्यांना राहू देणाऱ्यांच्या यादीत आहेत! आजोबांनी टाळलेली लढाई नातवंडांना लढावी लागली. आणि ते रथ? कीशोन नदीकाठी ते काहीच कामाला आले नाहीत. म्हणजे ज्यांची भीती वाटत होती, ते हरू शकत होते.

आणि बेथ-शान आठवतंय ना, मनश्शेने सोडलेलं? पुढे गिलबोवा डोंगरावर शौल राजा पडला, तेव्हा पलिष्ट्यांनी त्याचं प्रेत टांगलं ते याच बेथ-शानच्या भिंतीवर. इस्राएलाचा पहिला राजा, आणि भिंत त्या राहून गेलेल्या गावाची.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, ‘म्हणजे दुसऱ्या लोकांना हाकला, असं सांगताय का?’ अजिबात नाही. ती आज्ञा त्या काळी, त्या लोकांना होती. आज येशूच्या मागे चालणाऱ्याला कुठल्याही जातीच्या, धर्माच्या माणसाविरुद्ध उभं राहायचं नाहीये. आपली लढाई आपल्याच मनातल्या वेदीशी आहे.

आणि ती वेदी ओळखायला सोपी असते. रमीचं अ‍ॅप काढून टाकलं, पण खात्यातले पैसे तसेच ठेवले. जो नंबर ब्लॉक करायला हवा होता, तो फक्त म्यूट केला. ‘माझ्या कंट्रोलमध्ये आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण २८व्या वचनात उभे असतो.

दुसऱ्या अध्यायात परमेश्वराचा दूत येऊन जाब विचारतो. लोक मोठ्याने रडतात. म्हणून त्या जागेचं नाव पडलं बोखीम, म्हणजे रडणारे. त्यांनी यज्ञही केला. पण कुणी परत जाऊन एक तरी वेदी पाडली, असं तिथे लिहिलेलं नाही. मीटिंगमध्ये डोळ्यांत पाणी येणं वाईट नाही, मित्रांनो. पण रडणं म्हणजे वळणं नव्हे.

तरी देवाने त्यांना सोडलं नाही. सहाव्या अध्यायात तो गिदोनाला बोलावतो. गिदोन कुठल्या वंशाचा? मनश्शेचा! मिद्यानाशी लढण्याआधी देव त्याला सांगतो की आधी तुझ्या बापाच्या घरची बआलाची वेदी पाड. गिदोन घाबरला होता. दिवसा हिंमत झाली नाही, म्हणून दहा नोकर घेऊन रात्री गेला. पण वेदी पाडली, आणि तिच्याशेजारचा खांबही तोडला. अर्धं ठेवलं नाही.

भीती वाटत असली तरी चालेल. रात्री गेलात तरी चालेल. या आठवड्यात एकच वेदी निवडा, घरातली, आणि ती पूर्ण पाडा. एकट्याने होत नसेल तर गिदोनासारखं कुणाला तरी सोबत घ्या, एखाद्या विश्वासू मित्राला, मंडळीतल्या ताईला किंवा पाळकांना सांगा.

प्रभू तुम्हाला बळ देवो. भेटूया पुढच्या भागात. आमेन.